विश्लेषण : शिरूर आणि दौंडने पुण्याचीच चूक पुन्हा का करू नये?

पावसाळ्यात वर्तमानपत्रांत एक आकडा रोज छापून येतो. दौंड येथून उजनीत येणारा विसर्ग, इतके हजार क्युसेक. इंदापूरपासून सोलापूरपर्यंतचा शेतकरी आधी तो आकडा वाचतो आणि मग बाकीची बातमी. कारण भीमेच्या खोऱ्यातील वरच्या बाजूच्या धरणांचे पाणी दौंडपाशी एकत्र आलेले असते. पावसाळा सरला की हा आकडा छापणे बंद होते. नदी मात्र नंतरही वाहत असते. धरणांची दारे बंद असताना, फेब्रुवारी-मार्चमध्ये तिच्यातून नेमके काय वाहते, याचा आकडा कोणी रोज छापत नाही.

तो छापायला हवा. कारण शहर किती वाढले हे मोजायची आपली पद्धत एकांगी आहे. किती बांधकाम परवानग्या दिल्या, किती नळजोड वाढले, रस्ते किती झाले, हे आपण मोजतो. शहरात किती पाणी आले आणि त्यातले किती, कोणत्या अवस्थेत बाहेर पडले, गावाबाहेर कचऱ्याचा ढीग किती चढला, हे मोजत नाही. शिरूर आणि दौंड ही दोन्ही शहरे आता वेगाने वाढत आहेत. वाढ थांबवा असे कोणी म्हणणार नाही. पण पुण्याने आधी वाढायचे आणि मग निस्तरायचे असे केले, तोच मार्ग या दोन शहरांनी धरायचा का, हे ठरवण्याची वेळ आजची आहे. दहा वर्षांनी ती राहणार नाही.

दौंडच्या पुलाखाली कोणाचे पाणी येते?

नकाशा डोळ्यांसमोर आणा. पिंपरी-चिंचवड आणि पुणे शहरातून वाहत आलेली मुळा-मुठा शिरूर तालुक्यातील रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. त्याआधी तुळापूरला इंद्रायणी भीमेत आलेली असते. शिरूर आणि दौंड तालुक्यांची सीमा काही अंतर ही भीमाच आहे. दुसरीकडे आंबेगाव तालुक्यातील डिंभे धरणाकडून येणारी घोड नदी शिरूर शहराला लागून जाते, पुढे चिंचणीच्या घोड धरणात अडते आणि मग भीमेला मिळते. हे सारे पाणी दौंडवरून उजनीत जाते. उजनीचे पाणी सोलापूर शहर पिते आणि हीच भीमा पंढरपुरात चंद्रभागा म्हणून ओळखली जाते.

याचा अर्थ साधा आहे. पुण्याचे सांडपाणी हा दौंडचा प्रश्न आहे, शिरूरच्या नाल्यांतले पाणी हा घोड धरणाखालच्या शेतकऱ्याचा प्रश्न आहे आणि दौंडच्या गटारांतून भीमेत उतरणारे पाणी हा इंदापूर, पंढरपूर, सोलापूरचा प्रश्न आहे. प्रत्येक गाव वरच्या गावाकडे बोट दाखवते आणि खालच्या गावाला तेच देते.

पुण्याच्या अनुभवातून काय दिसते?

खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी साठते. याच साठ्यातून पुणे शहर पाणी पिते आणि याच साठ्यातून उजव्या कालव्याने हवेली, दौंड, इंदापूरची शेती भिजते. शहर वाढले तशी पाण्याची उचल वाढली. मंजूर कोटा किती आणि प्रत्यक्ष उचल किती, यावरून महापालिका आणि जलसंपदा विभागाचा वाद वर्षानुवर्षे चालू आहे.

त्यावर एक तोडगा निघाला होता आणि कागदावर तो उत्तम होता. शहराने धरणातून जास्त पाणी घ्यावे, पण त्या बदल्यात ६.५ टीएमसी सांडपाणी शुद्ध करून शेतीसाठी परत द्यावे. त्यासाठी मुंढव्याला जॅकवेल बांधले गेले. तिथून उचललेले पाणी 'बेबी कालव्या'तून हवेली आणि दौंडकडे सोडले जाते. एकच पाणी दोनदा वापरायचे, यापेक्षा शहाणपणाची गोष्ट ती कोणती?

आता हिशेब पाहा. वर्षाला ६.५ टीएमसी म्हणजे दिवसाला सुमारे ५० कोटी लिटर. पुण्याची त्या काळातली सांडपाणी शुद्धीकरणाची एकूण क्षमता होती ४७७ एमएलडी, म्हणजे दिवसाला ४८ कोटी लिटरच्या आत. सगळी केंद्रे वर्षाचे ३६५ दिवस पूर्ण क्षमतेने चालली असती, तरी आश्वासन दिले तेवढे शुद्ध पाणी तयारच होणार नव्हते. मग कालव्यात जे आले त्याचा रंग, फेस आणि वास यांच्या तक्रारी शेतकऱ्यांनी केल्या, त्यात नवल काय? केंद्र सरकारने २०१६ मध्ये जपानच्या 'जायका' संस्थेच्या कर्जावर सुमारे ९९० कोटी रुपयांचा मुळा-मुठा शुद्धीकरण प्रकल्प मंजूर केला. ११ नवी केंद्रे, ३९६ एमएलडीची वाढीव क्षमता. मात्र प्रत्यक्ष कामे मार्गी लागायलाच काही वर्षे गेली. तोवर शहर थांबले नव्हते.

यातून घ्यायचा धडा असा की पाणी परत देण्याची कल्पना बरोबर होती, क्रम चुकला होता. पाणी आधी उचलले गेले, शुद्धीकरण मागून आले. मागून येणारी गोष्ट शहरात नेहमी महाग पडते. जागा उरलेली नसते, असलेली जागा कोटींत जाते आणि खोदायच्या रस्त्यावर तोवर चार मजले उभे राहिलेले असतात.

छोट्या शहराचे आकडे खरेच छोटे आहेत का?

२०११ च्या जनगणनेत दौंड शहराची लोकसंख्या सुमारे ४९ हजार आणि शिरूरची सुमारे ३७ हजार होती. त्यानंतर रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींमुळे, पुणे-अहिल्यानगर रस्त्यामुळे आणि पुणे-दौंड रेल्वेने रोज ये-जा करणाऱ्या नोकरदारांमुळे दोन्हीकडे वस्ती वाढली. पण हिशेब सोपा जावा म्हणून पन्नास हजारांचे एक शहर धरू.

केंद्राच्या मानकाप्रमाणे भुयारी गटार असलेल्या शहराला माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी लागते. पन्नास हजारांना साडेसदुसष्ट लाख लिटर. त्यातले ८० टक्के सांडपाणी म्हणून बाहेर पडते असे धरतात. म्हणजे रोज ५४ लाख लिटर, वर्षाला सुमारे १९७ कोटी लिटर. कचरा माणशी पाव किलो धरला तरी रोज साडेबारा टन. त्यात निम्मा ओला.

हेच आकडे उलट्या बाजूने वाचा. उसाला पाटाने वर्षाला हेक्टरी २० हजार घनमीटर पाणी लागते असे धरले, तर या सांडपाण्यावर, ते नीट शुद्ध केले असता, जवळपास शंभर हेक्टर ऊस निघेल. ठिबकवर त्याहून बराच जास्त. सव्वासहा टन ओल्या कचऱ्याचे पाचव्या हिश्शाने खत झाले, तर रोज सव्वा टन आणि वर्षाला साडेचारशे टन खत मिळेल.

इथेच छोट्या शहराची ताकद आहे. पुण्याच्या कसब्यातला ओला कचरा शेतापर्यंत न्यायचा तर ट्रकने शहर ओलांडावे लागते. शिरूर आणि दौंडमध्ये शेवटचा बंगला संपतो तिथे ऊस सुरू होतो. घरातून निघालेली वस्तू आणि तिची गरज असलेली जमीन यांत दोन-तीन किलोमीटरचे अंतर आहे. ही जवळीक पैशांनी विकत मिळत नाही आणि वेडेवाकडे प्लॉटिंग होत गेले तर ती संपतेही.

आणखी पाणी मागण्याआधी काय करायचे?

शहर वाढले की पहिली मागणी नव्या पाणी योजनेची होते. त्याआधी असलेले पाणी जाते कुठे ते पाहावे. केंद्राने २००८ मध्ये ठरवलेल्या सेवा निकषांनुसार गळती, चोरी आणि हिशेबाबाहेरचे पाणी २० टक्क्यांच्या वर असू नये आणि प्रत्येक नळाला मीटर असावा. पन्नास हजारांच्या शहरात गळतीत दहा टक्के बचत झाली, तर पावणेसात लाख लिटर पाणी वाचते. ते पाच हजार माणसांचे रोजचे पाणी आहे. त्यासाठी ना धरण लागते, ना नवी उचल, ना पंपाचे वाढीव वीजबिल.

मीटर म्हटले की नगरसेवकांच्या अंगावर काटा येतो. मते जातील ही भीती. पण कराडला लागून असलेल्या मलकापूरने छोट्या शहरात हे करून दाखवले. चोवीस तास पाणी, प्रत्येक जोडाला मीटर आणि टप्प्याटप्प्याने वाढणारा दर. गरजेपुरते वापरणाऱ्याला पाणी स्वस्त, अंगणात पाइप सोडून ठेवणाऱ्याला महाग. पाणी केव्हाही येणार ही खात्री असली की घरोघरी टाक्या आणि पिंपे भरून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी 'शिळे' म्हणून ओतून द्यायची सवय आपोआप सुटते. एकसारख्या वार्षिक पाणीपट्टीत मात्र दोन खोल्यांत राहणारा माणूस बंगल्यातल्या बागेचे पाणी भरत असतो. त्यामुळे मीटरला गरिबांच्या नावाने होणारा विरोध तपासून पाहायला हवा.

पावसाच्या पाण्याचेही तसेच. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवर पर्जन्यजल संधारण बंधनकारक आहे. पाचशे चौरस मीटर म्हणजे जवळपास पाच गुंठे. शिरूर आणि दौंडच्या कडेने जे प्लॉट पडतात ते बहुतेक एक-दोन गुंठ्यांचे. म्हणजे जिथे खरी वाढ होते आहे, तिथली स्वतंत्र घरे नियमाच्या चाळणीतून अलगद खाली पडतात. नगर परिषदेने घरपट्टीत सवलत देऊन छोट्या प्लॉटधारकालाही छताचे पाणी बोअरमध्ये सोडायला लावावे. जो बोअर पुढच्या उन्हाळ्यात आटणार आहे, तो त्याचाच आहे.

सांडपाण्याचे काय?

संपूर्ण शहराला भुयारी गटार हा मोठ्या खर्चाचा आणि लांबणारा मामला असतो. तोवर घरे सेप्टिक टाकीवर चालतात. टाकी भरेपर्यंत तिची आठवण कोणाला होत नाही. मग गाडी बोलावली जाते आणि उपसलेला मैला एखाद्या ओढ्यात किंवा मोकळ्या रानात रिकामा होतो. साताऱ्यातील वाई आणि नाशिकमधील सिन्नर या नगर परिषदांनी यावर वेगळा मार्ग काढला. टाकी तुंबेपर्यंत थांबायचे नाही, दर तीन वर्षांनी प्रत्येक घराची टाकी ठरलेल्या वेळापत्रकाने उपसायची, तो मैला मैला प्रक्रिया केंद्रात न्यायचा आणि खर्च करातून वसूल करायचा. यात थक्क करणारे तंत्रज्ञान काही नाही. वॉर्डनिहाय यादी आहे आणि ती पाळणारे कर्मचारी आहेत.

पुढचा टप्पा नाल्यांच्या मुखाशी. जे नाले घोड आणि भीमेत उतरतात, त्यांचे पाणी अडवून शुद्ध करायचे आणि ते नदीत सोडण्याऐवजी ज्याला हवे त्याला द्यायचे. ग्राहक दूर नाहीत. ऊस आणि चारा पिके आहेत, रोपवाटिका आहेत, बांधकामे आहेत, औद्योगिक वसाहती आहेत. कच्च्या खायच्या भाज्यांना हे पाणी देऊ नये, एवढी काळजी हवी. नागपूर शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जाते. २०१६ च्या राष्ट्रीय वीज दर धोरणात तर ५० किलोमीटरच्या आतील शुद्धीकरण केंद्राचे पाणी औष्णिक वीज केंद्रांनी वापरावे असे बंधनच घातले आहे. वीज केंद्राला जे चालते ते कारखान्याच्या शीतकरणाला आणि बागेला का चालू नये?

कचरा डेपो लागतोच का?

उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी पुण्याचा कचरा कित्येक वर्षे सोसला. विहिरी बिघडल्या, आंदोलने झाली, गाड्या अडल्या. 'शहराबाहेर' म्हणून निवडलेली जागा कोणाच्या तरी घराशेजारी असते, हे पुण्याला तेव्हा कळले.

वेंगुर्ल्याने डेपोच ठेवला नाही. कचरा घरातच वेगळा करायचा, ओल्याचा बायोगॅस आणि खत, प्लास्टिकचे तुकडे करून रस्त्याच्या डांबरात. जिथे ढीग होता तिथे 'स्वच्छ भारत पार्क' उभे राहिले. वेंगुर्ला लांब वाटत असेल, तर शेजारचा पुरंदर तालुका पाहा. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांत सासवड देशात पहिले आले. सासवडचे हवामान वेगळे नाही, माणसेही आपलीच.

खताच्या विक्रीसाठी राज्याचा 'हरित महासिटी कंपोस्ट' हा ब्रँडही आहे. पण शेतकरी ब्रँड पाहून खत घेत नाही. मूठभर हातात घेतो, त्यात काच, सुई, डायपरचा तुकडा दिसला की पुन्हा त्या वाटेला जात नाही. म्हणजे उसाच्या सरीत खत जाईल की नाही, हे शहरातल्या स्वयंपाकघरात ठरते. आणि घंटागाडीवरही ठरते. घरात वेगळा केलेला कचरा गाडीत पुन्हा एकत्र होताना ज्या बाईने एकदा पाहिला, ती दुसऱ्यांदा वेगळा करत नाही. दोष मग 'नागरिकांच्या मानसिकते'वर जातो. गाडीला दोन कप्पे, ठरलेली वेळ आणि न वेगळा केलेला कचरा न उचलण्याचा अधिकार, या तीन गोष्टी आधी द्या, मग मानसिकतेवर बोलू. सुका कचरा वेचणाऱ्या माणसांनाही या व्यवस्थेत ओळखपत्र, हातमोजे आणि वर्गीकरणाची शेड मिळाली पाहिजे. पुण्यात २००८ पासून 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था दारोदार कचरा गोळा करते. पुण्याच्या चुका टाळायच्या असतील, तर पुण्याने जे बरोबर केले तेही घ्यायला हवे.

हद्दीबाहेरच्या वाढीचे काय?

सर्वांत अवघड गाठ इथे आहे. दौंड शहर वाढते ते लिंगाळी, गोपाळवाडीच्या बाजूला. शिरूर वाढते ते तर्डोबाची वाडीसारख्या गावांकडे. माणूस शहरात खरेदी करतो, मुले शहरातल्या शाळेत जातात, पण घराची नोंद ग्रामपंचायतीत. ग्रामपंचायतीकडे शेकडो नव्या घरांचा कचरा उचलायची यंत्रणा नसते आणि नगर परिषदेला हद्दीबाहेर खर्च करता येत नाही. मग कचरा रस्त्याकडेला जळतो आणि सांडपाणी ओढ्यात उतरते. ओढ्याला हद्द ठाऊक नसते.

नगर परिषद आणि लगतच्या ग्रामपंचायतींनी करार करून एकच घंटागाडी व्यवस्था, एकच खत प्रकल्प आणि एकच मैला उपसणी यंत्रणा चालवावी. नव्या ले-आउटला मंजुरी देताना नळजोड आणि विजेबरोबर सांडपाणी कुठे जाणार हेही नकाशावर दाखवायला लावावे. शहरातले मोकळे भूखंड आधी भरले गेले, तर पाइप, रस्ता, दिवे आणि पेट्रोल सगळेच कमी लागते. महामार्गाकडेने पाच किलोमीटर पसरलेले शहर दिसायला मोठे असते, पण चालवायला फार महाग.

'प्रदूषण पुण्याचे, भुर्दंड आम्हाला का?'

हा प्रश्न रास्त आहे आणि तो विचारत राहिलेच पाहिजे. भीमेच्या प्रदूषणात दौंड-शिरूरचा वाटा पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या तुलनेत किरकोळ आहे. पण स्वतःचा नाला बंद न केलेल्या गावाच्या तक्रारीला धार नसते. आपल्या शहरातून थेंबभरही अशुद्ध पाणी नदीत जात नाही, असे कागद पुढे ठेवून म्हणता आले, तर पुण्याला जाब विचारणे सोपे होते.

दुसरी अडचण पैशांची. २०२१ मध्ये सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांच्या सांडपाण्यासाठी तरतूद आहे. अमृत २.० मध्ये पाणीपुरवठा आहे. पंधराव्या वित्त आयोगाने अशा शहरांच्या अनुदानातला ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिला. खरी अडचण बांधण्याची नाही, चालवण्याची आहे. अनुदान सिमेंट-लोखंडाला मिळते. पंपाचे वीजबिल, ऑपरेटरचा पगार, बिघडलेली मोटर यांना मिळत नाही. म्हणून राज्यात उद्घाटनाची कोनशिला चकचकीत आणि यंत्र गंजलेले, असे प्रकल्प पाहायला मिळतात. हा खर्च पाणीपट्टीतून, शुद्ध पाण्याच्या विक्रीतून आणि खतातून निघेल अशी आखणी पहिल्या दिवसापासून हवी.

आणि एक साधी, जवळपास फुकटची गोष्ट. नगर परिषदेच्या दारात एक फळा लावावा. आज शहरात किती पाणी आले, किती शुद्ध होऊन बाहेर गेले, किती कचरा आला, किती डेपोवर पडला. चार आकडे, रोज. पावसाळ्यात दौंडचा विसर्ग जितक्या उत्सुकतेने वाचला जातो, तितक्या उत्सुकतेने हे आकडे वाचले जाऊ लागले, तर बाकीचे प्रश्न लोकच विचारतील. फळा कोरा राहिला, तर तेही एक उत्तरच असेल.